प्लास्टिक मॉडेल: आधी नीट चिकटवा, मग कमी घासा

प्लास्टिकचं विमान किंवा रणगाडा पहिल्यांदा बांधायला घेतलेला माणूस घरातल्या ड्रॉवरमधून फेविक्विक काढतो, आणि तिथेच माशी शिंकते. फेविक्विक वाईट नाही. त्याचीही कामं आहेत, ती पुढे येतीलच. पण किटचे मुख्य भाग जोडायला ते घेतलं की पुढच्या घासकामाचा पार विचका होतो.

कारण साधं आहे. बहुतेक किट पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची असतात. त्यासाठीचा जो खास ग्लू मिळतो, ज्याला या छंदातले लोक सिमेंट म्हणतात, तो प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे सलग प्लास्टिक उरतं. फेविक्विक दोन कडांच्या मध्ये स्वतःचा वेगळा थर घालून बसतं. आडवा धक्का लागला की हा थर कटकन सुटतो. शिवाय तो हळूहळू प्लास्टिकपेक्षा कडक होत जातो. दुसऱ्या दिवशी घासायला बसलात की आजूबाजूचं मऊ प्लास्टिक खाली जातं आणि फेविक्विकची रेघ वर डोकावते.

म्हणून चिकटवणं आणि घासणं ही दोन वेगळी प्रकरणं समजू नका. सांधा कसा जोडला यावर तो किती घासावा लागणार हे ठरतं.

उदाहरणाला मिग-२१ घेऊ. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने त्यांना निरोप दिला. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना पहिलं मॉडेल याचंच हवं असतं. १/७२ मापात, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, ते नाकापासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंटीमीटर भरतं, पंखांची रुंदी जेमतेम १०. सांधे शिकायला हे विमान झकास आहे. धड म्हणजे एक लांब नळकांडं, बहुतेक किटमध्ये डावी-उजवी अशा दोन अर्धुकांत येणारं. म्हणजे पाठीवर एक लांब सांधा, पोटाखाली दुसरा. त्यातून ते जुन्या चंदेरी रूपात रंगवायचं ठरवलं तर झालंच, चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही.

खरेदी

पैसे दोनच गोष्टींवर घाला: सिमेंट आणि निपर.

सिमेंट दोन जातींचं असतं. पातळ सिमेंट पाण्यासारखं वाहतं. तामियाची गडद हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन बाटली यातली सगळ्यांत ओळखीची. झाकणालाच बारीक ब्रश असतो. जाड सिमेंट पाकासारखं असतं. तामियाचं नारिंगी झाकणाचं, किंवा रेव्हेलचं सुईसारख्या नळीचं काँटॅक्टा. एकच घ्यायचं असेल तर पातळ घ्या. किटबरोबर कधीकधी मिळणारी पिळायची ट्यूब बाजूला ठेवा. तिचे धागे सुटतात आणि नको तिथे चिकटतात. सिमेंट ज्वलनशील असल्यामुळे ऑनलाइन मागवलं तर ते विमानाने येत नाही, रस्त्याने येतं. किटच्या आधी सिमेंट मागवून ठेवलं तर किट उघडून नुसतं बघत बसावं लागत नाही.

‘नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. चालत नाही. त्यात ॲसिटोन असलं तरी पाणी, तेल, वास असं बरंच काही मिसळलेलं असतं. आर्किटेक्चरची मुलं ॲक्रिलिक शीट जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, तेही घरात आणू नका. त्याची वाफ यकृताला घातक आहे आणि आपलं काम त्याच्याशिवाय उत्तम होतं.

निपर म्हणजे एका बाजूने सपाट कापणारी छोटी पक्कड. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वायर कापायला मिळते ती सुरुवातीला पुरते.

बाकीचं सगळं गल्लीत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन वॉटर पेपर मागा, म्हणजे काळा, पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा एकेक ताव पुष्कळ दिवस पुरतो. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. सुताराकडचा तांबूस, भरड पेपर इथे उपयोगाचा नाही. मेडिकलच्या दुकानात ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याची ३ नंबरची मूठ मिळते. एवढी धार हॉबीच्या महागड्या सुऱ्यांनाही क्वचित असते, तेव्हा बोटं सांभाळा. कॉस्मेटिकच्या दुकानातून नखं चमकवायचा बफर घ्या. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे बारीक कानशींचा संच मिळाला तर एक गोल आणि एक चपटी कानस कायमच्या कामी येतील. कपड्यांचे चिमटे, रबरबँड, मास्किंग टेप आणि आइसक्रीमच्या काड्या घरात असतातच.

कापणं आणि धुणं

सुटे भाग ज्या चौकटीत अडकलेले असतात तिला स्प्रू म्हणतात. सगळी चौकट कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य उरलेलं असू शकतं, आणि बोटांचा तेलकटपणा तर असतोच.

भाग कापताना दोनदा कापा. पहिल्यांदा भागापासून लांब, स्प्रूच्या बाजूला. भाग सुटा झाला की उरलेलं टोक दुसऱ्या कापात, तेही भागाला अगदी टेकून नाही. केसभर ठेवा, ते ब्लेडने आणि ६०० च्या पेपरने काढा. एकदम चिकटून कापलं तर प्लास्टिक उपटून निघतं आणि खळगा पडतो. नंतर तो भरत बसावा लागतो.

कडांवर साच्याची बारीक उभी रेघ दिसेल. ती घासण्याऐवजी ब्लेडची धार काटकोनात उभी धरून हलकेच खरवडा. ब्लेड पुढे ढकलायचं नाही, मागे ओढायचं.

ग्लू न लावता जुळवून बघा

ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांना होतो. धडाची दोन अर्धुकं रिकामीच एकमेकांवर धरा. पूर्ण बसतात का? कुठे फट राहते? आतल्या बाजूला साच्यातल्या खिळ्यांचे गोल उंचवटे असतील तर तेच अडवत असतात. ते कानशीने काढा. कॉकपिटचा डबा किंवा नाकातला शंकू मध्ये घालून पुन्हा जुळवा, कारण रिकामं बसणारं धड आत डबा घातल्यावर अनेकदा बसत नाही.

जोडाच्या दोन्ही कडा ६०० चा पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर एक-दोनदा फिरवल्या तर सांधा पुष्कळ घट्ट होतो. फक्त एक-दोनदाच. जास्त फिरवलं तर धड बारीक होतं आणि नाकाचं गोल कडं जुळत नाही.

आतले भाग आधी रंगवले असतील तर जिथे ग्लू लागणार तिथला रंग खरवडून टाका. रंगावर सिमेंट लावलं तर रंगच विरघळतो, खालचं प्लास्टिक कोरडं राहतं. तिसरं चाक नाकाखाली असलेल्या विमानांची किट बरेचदा मागे कलून शेपटीवर बसतात. धड बंद करण्याआधी वजनासाठी नाकात लहान नट एम-सीलमध्ये दाबून बसवा. नंतर आत हात जात नाही.

सिमेंट लावताना

पातळ सिमेंट लावायची रीत नवख्याला उलटी वाटते: आधी भाग जोडून धरायचे, मग ग्लू लावायचा. अर्धुकं बोटांनी दाबून धरा, ब्रशचं टोक बाटलीच्या काठावर निपटून घ्या आणि सांध्याला नुसतं टेकवा. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं सिमेंट स्वतःहून फटीत धावतं. एका टेकवण्यात दोन-तीन सेंटीमीटर भाग ओला झालेला दिसतो. पुढे सरका, पुन्हा टेकवा.

इथे दोन धोके आहेत. तुमचं बोट सांध्यावर असेल तर सिमेंट बोटाखालीही तितक्याच आनंदाने धावतं आणि तुमच्या अंगठ्याचा ठसा मिग-२१ च्या पाठीवर कायमचा उमटतो. बोटं सांध्यापासून दूर धरा. दुसरा धोका मास्किंग टेपचा. भाग जागेवर धरायला सांध्यावरून टेप लावली आणि तिच्याजवळ सिमेंट टेकवलं तर ते टेपखाली शिरून पसरतं. टेपच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत सिमेंट लावा, ते धरलं की टेप काढा आणि उरलेली जागा भरा.

धडासारखा लांब सांधा एका दमात करू नका. पाठीवरचे तीन-चार सेंटीमीटर जोडा, मिनिटभर धरा, मग पुढे. अशाने सांधा प्रत्येक टप्प्यावर सरळ करून घेता येतो.

आता यातली खरी गंमत. सिमेंट लावून दहा-पंधरा सेकंद झाली की दोन्ही अर्धुकं थोडी जोर लावून दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक, चकचकीत कड वर येते, सुताएवढी. ती पुसायची नाही. तिला हात लावायचा नाही. ही कड सगळ्या लांबीभर सलग आली असेल तर सांधा आतून भरला, फट भरायला पुट्टीची गरजच नाही. जिथे ती आली नाही तिथे फट आहे हेही लगेच कळतं. या कामाला जाड सिमेंट जास्त चांगलं: ते आधी दोन्ही कडांवर लावायचं, थोडं थांबायचं आणि मग दाबायचं.

अगदी छोटे भाग, जसं की चाकांच्या झडपा, चिमट्याने जागेवर ठेवायचे आणि ब्रशचं टोक टेकवायचं. थेंब नको. थेंब पडला तर झडप विरघळायला वेळ लागत नाही.

बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी फिरवून लावा आणि बाटली जड बुडाच्या वाटीत ठेवा. ती कलंडली की मॉडेलही जातं आणि टेबलाचं पॉलिशही. खिडकी उघडी हवी, देवघरातली उदबत्ती लांब हवी.

थांबा

पातळ सिमेंट काही मिनिटांत धरतं, त्यामुळे काम झालंसं वाटतं. प्रत्यक्षात आतला द्रावक उडायला किमान एक दिवस लागतो. दाबून कड काढलेल्या सांध्याला मी दोन दिवस देतो. घाई केली तर मऊ प्लास्टिक पेपरखाली रबरासारखं ओढलं जातं. त्याहून वाईट म्हणजे आज सपाट घासलेला सांधा पुढच्या आठवड्यात आक्रसतो आणि रंगाखालून रेघ पुन्हा उगवते. रंग देऊन झाल्यावर ही भुताची रेघ दिसली की फार जिवावर येतं. थांबायच्या दिवसांत पंख, चाकं, टाक्या, क्षेपणास्त्रं जोडत राहा, काम अडत नाही.

घासणं

आधी ब्लेड. वाळलेली कड ब्लेडच्या उभ्या धारेने हलके खरवडली तर निम्मं काम तिथेच होतं आणि धूळही कमी उडते. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपची एकेक पट्टी लावा, मध्ये तीन-चार मिलिमीटर जागा सोडून. आजूबाजूचे बारीक रिव्हेट आणि पॅनेलच्या रेघा, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचा, वाचतात.

वॉटर पेपर पाण्यात बुडवा, पाण्यात लिक्विड सोपचा थेंब असू द्या. ओलं घासल्याने धूळ उडत नाही आणि पेपर चोंदत नाही. सुकं घासणार असाल तर मास्क लावा. रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या वेगळ्या प्लास्टिकचे, भाग असतील तर मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

पेपरमागे काय आहे याला फार महत्त्व आहे. पंखासारख्या सपाट जागी पेपर बोटाने दाबला तर बोटाचं मांस सांध्यात शिरतं आणि रेघेच्या जागी पन्हळ तयार होते. सपाट जागेला आइसक्रीमच्या काडीवर डबल साइडेड टेपने चिकटवलेला पेपर वापरा. धडाच्या गोलाईला उलट: तिथे कडक काडी चालवली तर पाठ चपटी होते. बोटभर रुंदीची पेपरची पट्टी कापा, दोन्ही हातांनी टोकं धरा आणि धडाच्या गोलाईवरून आळीपाळीने ओढा. सांध्याच्या लांबीला समांतर घासत बसू नका. आडवं, गोलाईच्या अंगाने घासा. नखांचा बफर अशा ठिकाणी छान वाकतो. पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात पेपरची घडी घालून तिची धार वापरा.

४०० ने कड पूर्ण सपाट करा. पुढचे पेपर फक्त ४०० चे ओरखडे काढायला आहेत, आकार द्यायला नाहीत. प्रत्येक नंबरला घासायची दिशा थोडी तिरकी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. हिरवा किंवा राखाडी रंग द्यायचा असेल तर १००० पर्यंत पुरे. चंदेरीसाठी २००० पर्यंत जा, मग बफरच्या सर्वांत गुळगुळीत बाजूने चमकवा.

मधूनमधून जुन्या टूथब्रशने धुवा. हे सांगायचं कारण असं, की घासलेल्या प्लास्टिकचा लगदा फटीत बसतो आणि सांधा भरल्यासारखा दिसतो. वाळल्यावर, रंग लावल्यावर तो आत बसतो आणि फट हसू लागते. धुतल्यावर टॉर्च जवळजवळ आडवा धरून बघा, नख फिरवून बघा. तरी शंका असेल तर सांध्यावर चंदेरी रंगाचा पातळ हात मारा, जे लपलंय ते ताबडतोब दिसेल.

सांध्याला आडव्या जाणाऱ्या पॅनेलच्या रेघा घासताना बुजतात. त्या पूर्ण जाण्याआधीच, अजून पुसट दिसत असताना, सुईने खोल करून घ्या. सुई लहान मुठीत घट्ट बसवा आणि जाड चिकट टेपची सरळ कड आधाराला लावा. पहिले तीन-चार हात अगदी हलके, सुईच्या नुसत्या वजनाने. जोर लावला की सुई घसरते. पूर्ण गेलेली रेघ पुन्हा ओढणं हे निराळंच दुखणं आहे.

फट राहिलीच तर

नेहमीच राहते कुठेतरी. मिग-२१ मध्ये बहुधा पंखाच्या मुळाशी.

पंखाच्या मुळाशी घासायची वेळच येऊ देऊ नका, तिथे हात जात नाही आणि आजूबाजूची नक्षी जाते. पाण्याने पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टी फटीत भरा आणि ओल्या कापसाच्या काडीने वरचा जादा भाग पुसून काढा. फटीत तेवढी राहते. घासायचं काही उरत नाही.

धडावरच्या फटीला स्प्रूचंच भरण सगळ्यांत चांगलं. संपत आलेल्या सिमेंटच्या बाटलीत त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे टाका, रात्रभरात मधासारखं दाट होतं. प्लास्टिक तेच असल्यामुळे ते आजूबाजूसारखंच घासलं जातं. फक्त ते आक्रसतं, म्हणून थरावर थर द्या आणि प्रत्येक थराला दिवसभर वाळू द्या. गाड्या रंगवणाऱ्यांकडची एनसी पुट्टी, जिला ते लांबी म्हणतात, तीही बारीक खळग्यांना चालते. तिचा द्रावक प्लास्टिकला चावतो, म्हणून जाड थर मात्र नको. केसांएवढ्या ओरखड्यांना मिस्टर सर्फेसरसारखा दाट प्रायमर ब्रशने लावून १००० ने घासला की पुरतं.

आणि इथे फेविक्विक हजर होतं. टाचणीच्या टोकाने फटीत भरा, वाळलं की लगेच, तासाभराच्या आत घासा. उद्यावर ठेवलं तर सुरुवातीला सांगितलेली रड पुन्हा. धातूचे आणि रेझिनचे भाग जोडायलाही तेच, कारण सिमेंट त्यांना विरघळवू शकत नाही. काही रबरी रणगाडा-पट्ट्या आणि जुन्या किटमधले वाकणारे सैनिक पॉलिएथिलीनचे असतात, ते तर कशालाच नीट चिकटत नाहीत.

कॉकपिटची काच

काचेला फेविक्विक लावू नका. त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढुरकी साय धरते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत हा त्रास वाढतो. पातळ सिमेंटही नको, एक चुकार थेंब काच कायमची खराब करतो.

साधा पांढरा फेविकॉल घ्या. टूथपिकने काठावर अगदी पातळ रेघ ओढा, काच ठेवा, बाहेर आलेला फेविकॉल ओल्या ब्रशने पुसा. वाळल्यावर पारदर्शक होतो. पकड सिमेंटइतकी पक्की नसते, पण काचेला ओझं कुठे पेलायचं असतं? काच स्प्रूवरून काढताना ब्लेडने जोर न लावता बारीक करवतीने किंवा निपरने लांबून कापा, पारदर्शक प्लास्टिक जास्त ठिसूळ असतं आणि त्यात पडलेला तडा पुन्हा मिटत नाही. काचेवर ओरखडा पडलाच तर २००० च्या ओल्या पेपरने आणि मग मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन घासा, बहुतेक ओरखडे निघतात.

शेवटी नाकावरची लांब पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजायची बारीक दांडी. ती जोडल्यावर पहिल्या घासकामात मोडते, दुसऱ्यात हरवते. काच बसली, रंग झाला, स्टिकर-डेकल लागले, वार्निश वाळलं की मग ती चिमट्यात धरा, बुडाचा रंग खरवडा, पातळ सिमेंटचा एकच ठिपका द्या आणि मॉडेल घरातल्या मांजराला पोचता येणार नाही अशा फळीवर ठेवा.